बूच

वीज गेली की उद्यमनगर कान देऊन बसायचं.
कास्टिंगची वाळू अजून गरम,
लेथ थांबता थांबता एक शेवटचा श्वास टाकायचं,
आणि इलाहीमामा शिकलगार पत्र्यावर
खडूनं एक देश काढायचा:
वर बसरा, खाली वाळू, उजव्या अंगाला पाणी.
"कुवेत. आपले दोन कोल्हापूर जिल्हे,
वर दोन-तीन तालुके. बास."

"पहिलं मोती होते. तेल न्हवतं.
नाकाला चिमटा लावून माणसं तळाला जायची,
कर्ज तरी फिटायचं न्हाई,
बापाचं पोराच्या नावावर चढायचं.
तुझ्या आईच्या नथीतले बसरा मोती
सगळे बसऱ्याचे थोडेच?
गूळ शिजतो वडणग्यात, शिक्का कोल्हापूरचा. तसं."

मग इंग्रज आला. कागद पुढं केला:
आम्हाला इचारल्याबिगर दुसऱ्या कुणाशी बोलायचं न्हाई.
शेखाला मिळाले पंधरा हजार. रुपये.
"आपलेच," मामा म्हणायचा, आणि का कुणास ठाऊक,
आवाज खाली घ्यायचा.
"आपल्या संस्थानावर बी तसाच एक साहेब होता,
रेसिडेन्सीच्या व्हरांड्यातनं
राजाच्या वह्यांवर नजर ठेवणारा.
तिथं गेल्यावर मला नवं असं काय वाटलंच न्हाई."

अडतीस साली बुरगानच्या वाळूतनं तेल आलं.
त्याच साली व्यापाऱ्यांनी सभा भरवली.
चौदा माणसं, निघाली जमाखर्चाला हात घालायला.
सहा महिन्यांत सभा बंद.
पुढं लढाई पेटली तशी विहिरींतही सिमेंट ओतलं.
इथं मामा पाना आडवा ठेवायचा.
"विहिरीचं बूच लढाई सरल्यावर निघालं.
सभेचं निघायला पंचवीस वर्षं."

तो स्वतः गेला चौऱ्याहत्तरला,
अहमदीच्या वर्कशॉपात व्हॉल्व्हचे स्पिंडल फिरवायला.
दोन वर्षांनी संसद बंद झाली.
"मला कळलंच न्हाई, लेका. पगार वेळेवर झाला."

उघडली. शहाऐंशीला पुन्हा बंद.
मग थंडीतले ते सोमवार:
घराघरांत बैठका, दारात पोलीस.
मामाला कुणीतरी लाऊडस्पीकरची वायर जोडायला नेलं.
शिडीवर तो, खाली एक म्हातारा
राज्यघटनेतलं कलम वाचत होता,
आपल्याकडं जमिनीचा उतारा वाचावा तसा,
बोट ठेवून.
"मला मत न्हवतं. पण कॉफी दिली.
दोनदा."

त्याच वर्षी ऑगस्टात रणगाडे आले.
बगदाद, अम्मान, विमान, मुंबई, एसटी.
गुजरीत पोतदारानं दिनारची नोट उजेडाला धरली,
बराच वेळ धरली,
आणि घडी होती तशीच घालून परत दिली.

तिकडं बायकांना मत मिळालं ते दोन हजार पाचला.
मामानं पेपरातनं मामीला वाचून दाखवलं.
ती भाकरी थापत म्हणाली,
"मला पहिल्यापासनं हाय.
गल्लीतल्या नळाला पाणी आलं का?"

परवा, म्हणजे चोवीसच्या मे महिन्यात,
मी मोबाइल त्याच्या डोळ्यांसमोर धरला:
संसद विसर्जित. चार वर्षांपर्यंत काही कलमं स्थगित.
ऐंशीला टेकलेला मामा, कानात मशीन,
अंगठ्यावर ती जुनी चीर, काळं तेल मुरलेली.
मला वाटलं, हळहळेल.
"आपल्या महापालिकेत कोण बसलंय?" त्यानं विचारलं.
"प्रशासक."
"किती झाली?"
"साडेतीन वर्षं."
"तू कुणाला इचारायला गेलास?"

वीज आली. पट्टा सुटला, चक फिरू लागला.
पत्र्यावर खडू आता टिकत नाही, फार तेलकट झालाय.
मामानं आवाजावर आवाज चढवून विचारलं,
"पगार वेळेवर हुतोय न्हवं तुझा?"
मी मान हलवली.
"मग झालं," म्हणाला,
आणि कानातलं मशीन काढून खिशात ठेवलं.